पुढून शिरायचं, पुढून निघायचं

शनिवारी सकाळी आमच्या घरात पहिला आवाज यायचा तो बाबांचा. "अगं, इथे मावेल का बघ जरा!" ते जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलेले असायचे. समोर कुठल्या तरी पार्किंगचा आकाशातून काढलेला फोटो आणि हातात माझी शाळेची पट्टी. ती स्क्रीनला लावून ते मापं घ्यायचे. गाडी आणि मागची कॅरव्हॅन मिळून आमची वरात एवढी लांब व्हायची की साध्या पार्किंगच्या दोन जागा एकापुढे एक धरल्या तरी शेपूट बाहेर राहायचं. आई ओट्याशी दडप्या पोह्यांवर फोडणी ओतत असायची. ती मागे न वळताच म्हणायची, "सुधीर, आपण फिरायला चाललोय की जमीन मोजायला?" मी तेव्हा पंधरा-सोळाची, मराठीतल्या कुठल्याही प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणारी. "It's a car park, Baba. Just park." एवढं बोलून मी पोह्यांतला शेंगदाणा न् शेंगदाणा वेचून खायचे.

त्या वर्षी सगळं जग कडी लावून बसलं होतं. आमची पुण्याची तिकिटं रद्द झाली, पैसे परत आले, आणि ज्या माणसाने जन्मात कधी तंबू ठोकला नव्हता त्या माझ्या बाबांनी आम्ही राहायचो त्या वॉलॉंगॉंगच्याच एका म्हाताऱ्या जोडप्याकडून त्यांची जुनी कॅरव्हॅन विकत घेतली. आत शिरलं की ओल्या टॉवेलचा आणि करपलेल्या टोस्टचा वास यायचा. आईने ती हॉस्पिटलच्या पद्धतीने वरपासून खालपर्यंत धुऊन काढली तरी पावसाळी हवेत तो वास परत यायचाच. दोन पलंग, घडीचं टेबल, गॅसच्या दोन शेगड्या आणि कपाटाएवढा संडास. पण त्या संडासाचा आईला कोण अभिमान! बाहेरच्या संडासांवर तिचा काडीचा विश्वास उरला नव्हता. ती हॉस्पिटलात डॉक्टर, आणि त्या काळात तिची ड्युटी नेमकी त्याच आजाराच्या वॉर्डात. घरी आली की नाकावर मास्कचा लाल वळ असायचा आणि हात सॅनिटायझरने तडकलेले. अंघोळ झाल्याशिवाय ती आम्हाला जवळ येऊ द्यायची नाही. अंघोळीनंतरसुद्धा जरा हातभर लांबच बसायची.

रात्रीच्या मुक्कामाचं सोपं असतं. कॅरव्हॅन पार्कात जागा राखून ठेवायची की झालं. खरा घोळ दिवसाचा. तुम्ही समुद्रावर निघालात, कुठल्याशा गावातली बेकरी छान आहे म्हणून थांबावंसं वाटलं, तर हे धूड उभं करायचं कुठे? बाबांनी यावर अक्षरशः पीएचडी केली होती. हार्डवेअरच्या मोठ्या दुकानामागची जागा ऐसपैस, पण उन्हाची. मॅचेस बंद असल्यामुळे क्रिकेटची मैदानं रिकामी, तिथे कडेला कुणी काही म्हणत नाही. टूरिस्टच नाहीत म्हणून बसच्या जागा ओस पडलेल्या, पण पाटी वाचून घ्यायची. बोटी उतरवायच्या घाटावर सगळ्यात लांबलचक जागा, पण त्या फक्त बोटवाल्यांच्या. आम्ही एकदा तिथे घुसलो होतो, तर एक माणूस मासेमारीचा गळ हातात घेऊन आमच्याकडे असा बघत राहिला की आईने डबा न उघडताच "चल, चल, निघ" केलं.

आणि या सगळ्या अभ्यासाच्या मुळाशी एकच गोष्ट होती. बाबांना कॅरव्हॅन रिव्हर्स घेता येत नव्हती. पोर्ट केंबलाच्या स्टीलवर्क्समध्ये इंजिनियर असलेला माणूस, मागचं धूड उजवीकडे वळवायचं तर स्टीअरिंग डावीकडे फिरवायचं हे चमचा आणि काटा घेऊन तासभर समजावून सांगायचा. प्रत्यक्षात चमचा एकीकडे आणि काटा भलतीकडे. मी मागे उभी राहून हातवारे करायचे, आई "थांब, थांब, थांब!" ओरडायची, शेजारचे लोक दाराशी येऊन उभे राहायचे. शेवटी बाबांनी घराचा नियमच करून टाकला. पुढून शिरायचं, पुढून निघायचं. ज्या पार्किंगला एकीकडून वाट आत आणि दुसरीकडून वाट बाहेर, तिथेच जायचं. आई म्हणायची, "ह्याचं सगळं असंच. लग्नाआधीसुद्धा हॉलला मागचं दार आहे का बघून आला असेल." बाबा हसायचे. ते चिडत नसत. आज माझ्या स्वतःच्या घरात रोज कुणी ना कुणी चिडतं, तेव्हा मला बाबांचं ते हसू फार आठवतं.

आता मेधामावशीबद्दल सांगायला हवं. आईची ही धाकटी बहीण सिडनीत गिरावीनला राहायची. काका देशाच्या पार दुसऱ्या टोकाला कालगुर्लीच्या खाणीत इंजिनियर. एरवी महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचे, पण त्या वर्षी तिकडच्या राज्याने आपली हद्दच बंद केली आणि ते तिकडे अडकले. मावशी फ्लॅटमध्ये एकटी, लॅपटॉपवरून ऑफिसचं काम करणारी. आणि तिला दिवस गेले होते. हे आईला माहीत होतं, काकांना माहीत होतं आणि कालांतराने आम्हाला. बाकी कुणाला म्हणजे कुणालाच नाही. पुण्याला आजीलासुद्धा नाही.

कारण आधी एकदा झालं होतं ते. दोन-तीन वर्षांपूर्वी मावशीचं डोहाळजेवण गिरावीनला हॉल घेऊन थाटात झालं होतं, आजी त्यासाठी पुण्याहून आली होती, अख्खा मराठी गोतावळा जमला होता. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बाळ गेलं. मावशीने मग कुणाचे फोन घेतले नाहीत. आजी तिच्या उशाशी महिनाभर बसून परत गेली आणि आल्या-गेल्यापाशी म्हणत राहिली, "माझीच दृष्ट लागली." म्हणून या खेपेला मावशीने तोंडाला कुलूपच लावलं. व्हिडिओ कॉलवर माणूस दिसतं ते गळ्यापर्यंत. ऑफिसला कळलं नाही, मैत्रिणींना कळलं नाही, रोज संध्याकाळी फोनवर बोलणाऱ्या आजीलाही कळलं नाही. आजी विचारायची, "चेहरा भरलाय गं तुझा?" मावशी म्हणायची, "लॉकडाऊन, आई. सगळेच जाड झालेत."

सातवा लागला तशी आईची घालमेल सुरू झाली. बहीण तासाभराच्या अंतरावर, पण तिच्या घरी जायला हिचीच छाती होईना. "मी त्या वॉर्डातून येते. तिच्या चार भिंतींत मी पाऊल टाकणार नाही." भेटायचं तर उघड्यावर. मावशीने अट घातली, "ताई, नुसतं जेवण. ओटी नाही, फुलं नाहीत, फोटो नाहीत. डोहाळजेवण हा शब्दसुद्धा नको." आईने कबूल केलं. आणि त्या शनिवारी पहाटेपासून घरात नारळ खवल्याचा आणि तांदूळ परतल्याचा वास सुटला. मी उठून बघते तर मसालेभात, नारळीभात, साखरभात, लिंबूभात, दहीभात. "नुसतं जेवण" म्हणे, आणि डोहाळजेवणाचे पाच भात! बाबा डब्यांकडे बघत म्हणाले, "मेधाला मोजता येतं बरं का." आई म्हणाली, "गप बस. भात मलाही आवडतो."

जागा बाबांनी शोधली होती. मावशीच्या घरापासून पाव तासावर एक तळं, भोवती हिरवळ, आणि मधोमध अगदी आदर्श पार्किंग. एकीकडून आत, सरळ एक गल्ली, दुतर्फा तिरप्या जागा, पलीकडून बाहेर. टोकाला कडेने एवढी मोकळी पट्टी की आमचं धूड तिथे आरामात राहील. हे जवळ असणं फार महत्त्वाचं होतं. मावशीला डॉक्टरने फार चालू नको म्हणून सांगितलं होतं, दर थोड्या वेळाने तिला संडास लागणार, आणि तळ्याकाठचा संडास ती मेली तरी वापरणार नव्हती. कॅरव्हॅन जवळ लागली तर भेट, नाही तर तिला दहा मिनिटांत घरी परत जावं लागलं असतं. बाबांनी तो फोटो आठवडाभर पट्टीने मोजला होता.

फोटोत एकच गोष्ट नव्हती. आकाशातला तो फोटो आजाराच्या आधीचा होता. गर्दी आवरायला कौन्सिलने पलीकडचं फाटक साखळी घालून बंद केलं होतं. आम्ही आत शिरलो, दोन्ही बाजूंना गाड्याच गाड्या, महिनोन् महिने घरात कोंडलेली माणसं त्या दिवशी जणू सगळी तिथेच लोटली होती. गल्लीच्या टोकाला पोचलो आणि बाबांनी ब्रेक मारला. समोर साखळी, तिला हातभर कुलूप. कडेची ती मोकळी पट्टी दगड टाकून बुजवलेली. बाबांनी गाडी बंद केली, चष्मा काढला, पुसला, परत घातला. साखळी होती तिथेच होती.

मग जे व्हायचं तेच झालं. बाबांनी रिव्हर्स घ्यायचा प्रयत्न केला, कॅरव्हॅन आडवी झाली, तिचं मागचं टोक एका पांढऱ्या युटच्या, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीच्या, दारापासून वीतभर अंतरावर जाऊन थांबलं. आता पुढेही नाही नि मागेही नाही. आमच्यामुळे टोकाकडची एकही गाडी बाहेर निघू शकत नव्हती. युटमधला दांडगा माणूस हॉर्नवर हात ठेवून बसला. मी लाजेने सीटमध्ये खाली घसरले. आई खाली उतरली, मास्क लावला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "Sorry, everyone! My husband can't reverse!" बाबा म्हणाले, "एवढ्या जोरात सांगायची गरज होती का?"

शेजारच्या गाडीपाशी घडीच्या खुर्चीत एक पांढऱ्या केसांच्या बाई थर्मासमधून चहा पीत बसल्या होत्या. त्या आरामात म्हणाल्या, "No worries, love. I'm here all arvo." म्हणजे दुपारभर. त्यांच्या पलीकडे एक पंजाबी कुटुंब सामोसे खात होतं, त्यांनाही काही घाई नव्हती. युटवाल्याला मात्र जायचं होतं. बाबांनी पाटीवरच्या नंबरला फोन लावला. कौन्सिलचा माणूस किल्ली घेऊन येणार होता, पण शनिवार, तेव्हा तासभर तरी धरून चाला. युटवाल्याने हात वर फेकले. आईला काय सुचलं कोण जाणे, तिने कागदी प्लेटमध्ये नारळीभात वाढला, त्याच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि चार पावलं मागे सरली. तो प्लेटकडे बघत राहिला. मग हॉर्न थांबला.

इतक्यात मावशी आली. तिने तिची छोटी गाडी बाहेर रस्त्यावर कशीबशी लावली होती आणि गल्लीतून चालत येत होती. काकांचा मोठा स्वेटर, पायांत सपाता, एक हात कमरेवर. मी तिला कितीतरी महिन्यांनी अख्खी बघत होते. फोनवरच्या त्या गळ्याखाली एवढं सगळं घडत होतं! आई जागची हलली नाही. दोघी बहिणी समोरासमोर, मध्ये एका गाडीचं अंतर, आणि दोघींना पुढे काय करावं कळेना. शेवटी मावशीच म्हणाली, "ताई, आधी संडास." आणि आईने दार उघडून दिलं.

ती आत गेल्यावर पांढऱ्या केसांच्या बाईंनी आईला विचारलं, "When's she due?" आईने मान हलवली, बोटाने 'नको' खूण केली. पण खिडकी उघडी होती. मावशी बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक ताट होतं. टॉवेल शोधायला तिने वरचं कपाट उघडलं होतं, आणि तिथे आईने लपवून ठेवलेलं सगळं सापडलं. हिरवा खण, नारळ, गहू, हळकुंड, आणि आमच्या कुंपणावरच्या जाईची, आईने रात्री गुंफलेली वाडी, गजऱ्यापासून बाजूबंदापर्यंत सगळे दागिने.

"ताई, हे काय?"

"काही नाही गं. राहू दे. तू नको म्हणालीस ना, मी काढणारच नव्हते. नुसतं बरोबर असावं म्हणून."

मला वाटलं, आता मावशी ताट खाली ठेवून चालती होणार. तिचा चेहरा तसाच झाला होता. पंजाबी बाईंनी ताट बघितलं मात्र, त्या एकदम उभ्या राहून म्हणाल्या, "अरे! गोद भराई है? बधाई हो, बधाई हो!" पाठोपाठ खुर्चीतल्या बाईंनी चहाचा कप उंचावला. "Congratulations, darl! Your mum must be over the moon."

मावशी त्या दोन परक्या बायकांकडे बघत राहिली. सात महिन्यांत तिचं अभिनंदन करणारी ही पहिली माणसं. आणि मग ती रडायला लागली, सगळ्यांसमोर, ताट धरून. "She doesn't know," ती म्हणाली. "My mum doesn't know." आई दोन पावलं पुढे आली आणि थांबली. तिचे हात पुढे झाले होते, तिने ते मागे घेतले. माझ्या डोळ्यांसमोरून ते हात आजही जात नाहीत.

मावशीने स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं. "ताई, भरायची असली तर भर ओटी. पण आईला न सांगता कशी भरणार? आधी तिला फोन लाव."

पुण्यात तेव्हा सकाळचा चहा झालेला असणार. फोन माझ्या हातात दिला गेला. आजी आली. गाऊन, केसांचा कसाबसा अंबाडा, चष्मा डोक्यावर. "काय गं, आज सकाळीच? मेधा पण तिथे आहे? अगंबाई, भेटलात का एकदाच्या!" मावशी म्हणाली, "आई, मला बघ." आणि मला म्हणाली, "मागे जा." मी मागे गेले. "अजून मागे." मी सामोस्यांच्या टेबलापर्यंत मागे गेले, तेव्हा कुठे ती अख्खी मावली. स्वेटर तिने दोन्ही हातांनी पोटावर घट्ट ओढून धरला होता.

आजीने डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, जवळ येऊन बघितलं आणि मग फोन सरळ टेबलावर उताणा ठेवून दिला. स्क्रीनवर छताचा पंखा तेवढा फिरत राहिला. "आई?" मावशीने हाक मारली. "आई, रागावलीस?" कपाटाचं दार वाजल्यासारखं झालं. पंखा फिरतच होता. सई, म्हणजे माझी मावसबहीण, तिला ही गोष्ट तोंडपाठ आहे, तरी ती दर वेळी मला इथेच थांबवून विचारते, "पंखा किती वेळ दिसत होता?" मी काय सांगू? मला तर तो अजून फिरतोय असं वाटतं. मावशी कॅरव्हॅनच्या पायरीवर बसली. "मी चुकले ताई. मी तिला सांगायला हवं होतं. आता तिला परत तीच भीती..."

तेवढ्यात समोर खळखळ आवाज झाला. कौन्सिलचा माणूस आला होता. त्याने कुलूप काढलं, साखळी बाजूला ओढली, फाटक उघडलं. वाट मोकळी झाली. बाबा गाडीत जाऊन बसले नाहीत. युटवाला रिकामी प्लेट हातात धरून उभा होता, त्याने किल्लीवाल्याला ओठांवर बोट ठेवून खूण केली. सगळी गल्ली माझ्या हातातल्या त्या पंख्याकडे बघत होती. बऱ्याच मोठ्या माणसांनी मला नंतर त्या वर्षांबद्दल काय काय सांगितलं, माणसं कशी माणसांना भ्यायली, कशी तुटली. खरं असेल. पण मला आठवते ती ही गल्ली. त्या साखळीचे, त्या कुलपाचे आणि रिव्हर्स न येणाऱ्या माझ्या बाबांचे उपकार मी कसे फेडू?

पंखा हलला. फोन कुणीतरी उचलून उभा केला, बहुधा डब्याला टेकवून. आजी मागे सरली. गाऊन गेला होता. अंगावर तिची ठेवणीतली जांभळी पैठणी होती, घाईत नेसलेली, एका बाजूने वर गेलेली. अंबाडा नीट झाला होता. हातात कुंकवाचा करंडा होता. डोळे लाल, पण आवाज खणखणीत.

"गाऊनवर का ओटी भरतात?" आजी म्हणाली. "हं. बसव तिला पूर्वेकडे तोंड करून. मी आलेय."